मोटारसायकलीचा विमा कोणासाठी?

व्यापाऱ्यास विम्याचे महत्त्व पटवून देणे म्हणजे गवळ्यास दुधाचे गुण सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी ज्यांची वखार आहे त्यांनी ती आगीपासून सुरक्षित करून ठेवलेली असते. ज्यांची तूर मालमोटारीने परगावी जाते ते वाटेतील नुकसानीची तजवीज केल्यावाचून माल हलवीत नाहीत. आणि आयुर्विम्याचा हप्ता चुकू नये म्हणून घरातील वडील मंडळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवतात. असे असूनही ज्या वाहनावर आपले निम्मे दुकान रोज बसते, त्या मोटारसायकलीच्या विम्याबाबत मात्र आपण कमालीचे बेफिकीर आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलिसाने हात केला तर दाखवावयास एक कागद हवा, यापलीकडे त्या विम्याचा विचार आपल्या पेढ्यांवर होत नाही. 'सर्वांत स्वस्त कोणता?' एवढा एकच प्रश्न विचारला जातो, आणि जे उत्तर येईल त्यावर पैसे भरले जातात.

स्वस्त घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. व्यापाऱ्याने स्वस्त पाहू नये तर कोणी पाहावे? परंतु स्वस्त उडीद घेतानाही आपण मूठभर हातात घेऊन पाहतो, किडका किती, ओलावा किती याचा अंदाज घेतो आणि मगच सौदा करतो. विम्याचा कागद मात्र आपण न वाचताच फडताळात टाकतो. तो इंग्रजीत असतो, अक्षर बारीक असते, ही सबब खरी आहे; पण इंग्रजीतली विक्रीकराची नोटीस आली असता आपण ती वाचून घ्यावयास त्याच दिवशी कोणाकडे तरी धावत होतो, हेही तितकेच खरे आहे.

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील गाव बीदर जिल्ह्याच्या कडेला आहे. थोडे पुढे गेले की कलबुर्गी जिल्हा लागतो. न्यायालयाचे व कचेरीचे काम बसवकल्याणास, मोठा बाजार व मोठे दवाखाने कलबुर्गीस, आणि सोयरीक निम्मी सीमेपलीकडे उमरगा-मुरूमकडे, अशी येथील व्यापाऱ्याची विभागणी आहे. अशा ठिकाणी मोटारसायकलीवाचून धंदा चालत नाही. म्हैसुरास १९६१ साली जावा मोटारसायकलींचा कारखाना निघाला, तेव्हाच्या काळी गावात फटफटी आली की पोरे मागे धावत. १९८५ पासून हीरो होंडाच्या कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या आणि त्यानंतर हे वाहन चैनीचे राहिले नाही. आज वसुलीस तीच जाते, बँकेत तीच जाते, मुलास शाळेत तीच सोडते, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यावर काय काय लादले जाते ते आपण सारे जाणतो.

मला या विषयाकडे लक्ष देणे भाग पडले ते चार वर्षांपूर्वी, भाद्रपदात. उडदाची आवक चालू होती. माझा पुतण्या व आमचे मुनीमजी असे दोघे उधारीच्या वसुलीस गेले होते. परतताना सायंकाळ झाली. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावे ही आपल्या घरांतील रीत सर्वांना ठाऊक आहेच. ती रीत चांगली आहे, परंतु तिच्यापायी रस्त्यावर जी घाई होते ती चांगली नाही. एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकलेला होता. गाडी घसरली. समोरून कोणी आले नव्हते, मागून कोणी धडकले नव्हते. पुतण्यास खरचटण्यावर निभावले. मुनीमजींच्या मांडीचे हाड मोडले. कलबुर्गीस नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली, हाडात सळई बसविली, आणि पुढे पाच महिने ते अंथरुणावर होते.

दवाखान्याच्या ओसरीवर पुतण्याने मला विचारले, "काका, विमा आहे ना आपला?"

"आहे तर," मी म्हटले. मला खरोखरच तसे वाटत होते.

दोन दिवसांनी विम्याचे काम पाहणारे गृहस्थ दुकानी आले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "शेटजी, हा नुसता त्रयस्थाचा विमा आहे."

"मग मुनीमजी त्रयस्थच की. ते काही गाडीचे मालक नव्हेत."

"मागे बसलेला माणूस त्यात धरीत नाहीत, शेटजी."

त्या कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तिने आम्हांस फसविले नव्हते. जे विकत घेतले होते तेच तिने दिले होते. आम्ही काय विकत घेतले हे आम्हांस ठाऊक नव्हते, एवढेच. दवाखान्याचा सारा खर्च दुकानाच्या कीर्दीत मांडला गेला. नोकरास कामावर असता इजा झाली तर मालकाने काय द्यावे याचा कायदा वेगळा आहे, त्यात मी येथे शिरत नाही. बावीस वर्षे आमच्या गादीवर बसलेल्या माणसाने एका शब्दाने काही मागितले नाही, "पगार चालू ठेवलात, पुष्कळ झाले," एवढेच म्हटले, आणि त्यामुळेच ती गोष्ट मनातून गेली नाही. त्यानंतर मी हा कायदा माहीतगारांकडून समजून घेतला. जे समजले ते सभासद बंधूंपुढे ठेवतो.

सक्तीचा विमा मुळात कशासाठी आहे, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थाच्या विम्याची तरतूद होती आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. पुढे १९८८ चा नवा कायदा आला, त्याच्या १४६ व्या कलमात हीच सक्ती कायम आहे. हेतू असा की, तुमच्या गाडीखाली रस्त्याने जाणारा कोणी सापडला तर तुमच्यापाशी पैसा नाही म्हणून त्याचे घर उघड्यावर पडू नये. म्हणजे कायद्याने जो विमा आपणांवर लादला आहे तो आपल्यासाठी नाहीच, तो परक्यासाठी आहे. ही गोष्ट योग्यच आहे. असा विमा नसता गाडी चालविली तर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड चार हजार, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली आहे. परंतु खरे भय दंडाचे नव्हे. त्रयस्थाच्या मृत्यूबद्दल न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील तिला रकमेची मर्यादा नाही. कमावत्या माणसाच्या बाबतीत तो आकडा लाखांच्या घरात सहज जातो, आणि विमा नसेल तर तो गाडीच्या मालकाने, म्हणजे पर्यायाने त्याच्या दुकानाने, भरावयाचा असतो. या विम्याचा दर सरकार ठरविते. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ७५ ते १५० घनसेंटीमीटर इंजिनाच्या दुचाकीस वर्षाला रु. ७१४ आणि १५० ते ३५० पर्यंतच्या गाडीस रु. १,३६६, कर वेगळा. हा दर सर्व कंपन्यांचा सारखाच असल्यामुळे येथे घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा 'स्वस्त कोणता' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'एवढाच विमा, बाकी काही नाही' असे येते. आम्हांसही तेच उत्तर मिळाले होते.

आता मागे बसणाऱ्याविषयी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ कायद्यापुरता जो विमा असतो, त्यात दुचाकीवर मागे फुकट बसून जाणाऱ्या माणसाची जोखीम येत नाही. त्याउलट, ज्यास सर्वसमावेशक विमा म्हणतात, म्हणजे त्रयस्थाची जोखीम अधिक आपल्या गाडीचे नुकसान असा जोडविमा, त्यात मागचा माणूस धरलेला असतो. विमा नियामक संस्थेने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने हे सर्व कंपन्यांस स्पष्ट कळविले, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हा दोन प्रकारच्या विम्यांतला भेद मान्य केला. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला तर मागे बसलेला त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागू शकतो, हे खरे. पण आपलीच गाडी चिखलात घसरली, बैल आडवा आला, खड्डा चुकविताना तोल गेला, तर कोणाकडे मागणार? खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरचे किती अपघात या जातीचे असतात हे मुडबीच्या वाचकांस मी सांगावयास नको.

आपल्या मागे कोण बसते हेही एकदा मनात आणून पाहावे. घरची लक्ष्मी बसते, म्हातारी आई बसते, शाळकरी मूल बसते, मुनीम बसतो, कधी भागीदार बसतो. परका क्वचितच बसतो. म्हणजे रस्त्यावरील परक्याचे रक्षण कायद्याने आपणांकडून करवून घेतले, आणि आपल्या माणसांचे रक्षण आपल्यावर सोडले. आणि आपण ते काही शेकड्यांच्या बचतीपायी सोडून दिले.

पुढे बसलेल्याचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. येथे तर आपल्या व्यापारी घरांची परिस्थिती विशेष अडचणीची आहे, कारण आपल्याकडे गाडी एकाच्या नावे, चालविणारा दुसरा, आणि हप्ता भरणारा तिसरा, असा प्रकार सर्रास चालतो. मालक स्वतः चालवीत असता त्यास काही झाले तर वैयक्तिक अपघाताच्या विम्याची रक्कम मिळते. पूर्वी दुचाकीच्या बाबतीत ही रक्कम अवघी एक लाख होती. २०१८ साली नियामक संस्थेने ती पंधरा लाख केली, आणि तिचा दर आरंभी वर्षाला रु. ७५० ठरविण्यात आला होता. आता हा भाग वेगळाही घेता येतो. परंतु या विम्याचे नावच 'मालक-चालकाचा विमा' असे आहे. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, विम्यात ज्याचे नाव, आणि ज्याच्यापाशी चालू परवाना, अशा एकाच माणसासाठी तो असतो. काकांच्या नावची गाडी पुतण्या चालवीत असेल तर पुतण्यास त्यातून काही मिळत नाही. आणि गाडी भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावे असेल तर हा विमा मिळतच नाही, कारण पेढीस हातपाय नसतात. मोडावयाचे ते माणसाचेच मोडतात. प्राप्तिकरात घसारा दाखविता यावा म्हणून ज्यांनी मोटारसायकल दुकानाच्या नावे नोंदविली आहे, त्यांनी ही वजाबाकीही मांडून पाहावी.

मागून आणलेल्या गाडीवर अपघात झाला असता काय होते, याचे उदाहरण कर्नाटकातीलच आहे. इलकलहून गुडूरकडे एक गृहस्थ दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघाले होते. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी एकाएकी थांबली, तिच्यावर ते आदळले आणि मरण पावले. घरच्यांनी त्या मोटारसायकलीच्या विम्यातून, कायद्याच्या १६३-अ या कलमाखाली भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जो दुसऱ्याची गाडी मागून चालवितो तो त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा राहतो, आणि मालकास आपल्याच विम्यातून या कलमाखाली स्वतःची भरपाई मागता येत नाही. अन्य कलमाखाली काही देय होते काय, एवढा प्रश्न उच्च न्यायालयाकडे परत गेला. कायद्याच्या दृष्टीने तर्क बरोबर असेल; त्या विधवेच्या दृष्टीने तो कसा होता याचा विचार प्रत्येकाने करावा. आपल्या घरांतून मागून नेलेल्या गाड्या किती फिरतात! पाहुणा आला की किल्ली त्याच्या हाती देणे हा आपण आतिथ्याचाच भाग मानतो.

यावर उपाय महाग नाही. जो जो दुकानाची गाडी चालवितो व जो जो मागे बसतो, त्याचा वैयक्तिक अपघाताचा विमा त्याच्या स्वतःच्या नावे असावा. मग गाडी कोणाचीही असो. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणासही वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल दोन लाखांचे संरक्षण मिळते. आरंभी हा हप्ता बारा रुपये होता, १ जून २०२२ पासून तो वीस झाला. वीस रुपये! बाजाराच्या दिवशी आपण हमालांस चहा पाजण्यात याहून अधिक खर्चितो. ही रक्कम पुरेशी नाही हे उघड आहे, आणि मोडलेल्या हाडाच्या दवाखान्याचा खर्च त्यातून निघत नाही हेही उघड आहे. म्हणून त्यावर कंपन्यांचा मोठा अपघात विमा घ्यावा. परंतु मुनीम, मापाडी व हमाल यांचा हा वीस रुपयांचा विमाही ज्या पेढीने उतरविलेला नाही, तिने सर्वसमावेशक विम्याच्या गप्पा मारू नयेत, असे मला वाटते. कठोर वाटेल, पण मी स्वतः त्याच पेढ्यांत होतो.

आता ओझ्याविषयी. दुचाकीच्या विम्याच्या कागदात एक लहानसे वाक्य असते, त्याकडे व्यापाऱ्यांचे लक्ष जाणे अत्यंत जरूर आहे. गाडी कोणत्या कामासाठी वापरता येईल ते सांगताना त्यात म्हटलेले असते की, भाड्याने देणे, शर्यती लावणे वगैरेंप्रमाणेच माल वाहून नेणे हेही या विम्यात बसत नाही. अपवाद दोनच, विक्रीचे नमुने आणि स्वतःचे सामान. कोणी दूरदर्शी माणसाने व्यापाऱ्याचे सारे जीवन डोळ्यांपुढे ठेवूनच ते वाक्य लिहिले असावे! वाटीभर तूर नमुना म्हणून नेली तर चालते; तुरीचे पोते टाकीवर आडवे टाकून नेले तर तो माल झाला. कापडाचे दोन ठाण दाखवावयास नेले तर नमुना, वीस ठाणांचा गठ्ठा मागे बांधला तर माल. ओझ्याने तोल जाऊन गाडी पडली आणि आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला, तर तो नाकारावयास हे एक वाक्य पुरेसे ठरू शकते. यावर विम्यात काही जास्तीचे घेऊन उपाय करता येईल असे कोणी सांगितले तर ते लेखी मागावे. खरा उपाय साधा आहे: पोत्यासाठी मालवाहू तीनचाकी बोलवावी. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या मानाच्या धान्याने टेंपोतून जाण्यास हरकत नसावी.

सीमेवरच्या गावांची म्हणून एक वेगळीच खोड आहे. उमरग्याच्या बाजारात जुनी गाडी बरी मिळते, म्हणून एमएच २५ क्रमांकाची मोटारसायकल येथे येते आणि केए ५६ न होता वर्षानुवर्षे धावत राहते. नाव बदलावयाचे, ना-हरकत दाखला आणावयाचा, कर भरावयाचा, या सगळ्या खटपटीस कंटाळून विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो आणि घेणारा तो फॉर्म गाडीच्या डिकीत ठेवतो. कायद्याप्रमाणे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर नवीन नोंदणी करावी लागते, हे एक झाले. विम्याच्या बाजूने पाहिले तर दोघेही बुडतात. विकणाऱ्याचे असे की, २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो. भरपाई त्याच्याच गळ्यात पडते. म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने कोणास उडविले तर नोटीस आपल्या दारी येते. घेणाऱ्याचे असे की, त्रयस्थाचा विमा गाडीबरोबर त्याच्याकडे आला असे कायदा मानतो, परंतु गाडीच्या नुकसानीचा व मालक-चालकाचा भाग आपोआप येत नाही. तो आपल्या नावे करून घ्यावा लागतो, आणि विमा कंपनीस चौदा दिवसांत कळवावयाचे असते. सोयऱ्याधायऱ्यांत झालेल्या व्यवहारात तर कोणी काही कळवीत नाही. 'आपलाच माणूस आहे,' असे म्हटले जाते. अपघातानंतर आपल्याच माणसांत जे कोर्टकज्जे होतात ते कोणास पाहावयाचे असतील त्याने बसवकल्याणच्या न्यायालयाच्या आवारात एक दिवस उभे राहावे.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण माझ्या मते तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, आणि दलाल मंडळी बोलतात ती त्याविषयीच सर्वांत अधिक. घसारा हा शब्द व्यापाऱ्यास नवा नाही. नव्या गाडीची विम्यातील किंमत सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के, एका वर्षानंतर वीस, दोनानंतर तीस, तिनानंतर चाळीस आणि चारानंतर पन्नास टक्के कमी धरली जाते. पाच वर्षांनंतर ती कंपनीने व मालकाने आपसांत ठरवावयाची. शिवाय दुरुस्तीचे बिल भरताना रबर व प्लास्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापतात, आणि आजची मोटारसायकल म्हणजे निम्मे प्लास्टिकच आहे. ही कपात टाळणारा 'घसारामुक्त' जोडविमा मिळतो. पहिली दोन-तीन वर्षे, त्यातही कर्जावर घेतलेल्या गाडीस, तो घेणे शहाणपणाचे. दहा वर्षे वापरलेल्या गाडीच्या पत्र्याचा विमा उतरविण्यात मात्र फारसा अर्थ नाही, एका गोष्टीखेरीज: मागे बसणाऱ्याचे संरक्षण त्या सर्वसमावेशक विम्याबरोबरच येते. म्हणून जुनी गाडी असली तरी तिच्यावर कुटुंब बसत असेल तर तो विमा मी चालू ठेवीन. आणि ती एकटा माणूसच वापरीत असेल तर पत्र्याचे पैसे वाचवून त्याचा अपघात विमा वाढवीन. दावा न केल्याबद्दल दरवर्षी जी सूट मिळते, पहिल्या वर्षी वीस टक्के व वाढत वाढत पन्नास, ती आरशाच्या फुटक्या काचेपायी घालवू नये. विमा संपून नव्वद दिवस उलटले तर ही सूट जाते. पावसाच्या पाण्यात बुडालेली गाडी किक मारून चालू करू नये, ती तशीच कारागिराकडे न्यावी. नंतर इंजिन फुटले तर तो दोष आपला ठरतो. एवढे पुरे.

एक गैरसमज मात्र येथेच दूर केला पाहिजे, कारण तो अलीकडचा आहे आणि शिकलेल्या मुलांतही आढळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा त्रयस्थाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. तो शोरूममध्येच उतरविला जातो, आणि गाडी घेणारा 'पाच वर्षांची चिंता मिटली' असे समजून घरी येतो. वस्तुतः पाच वर्षांचा असतो तो परक्याचा भाग. आपल्या गाडीचा व मालक-चालकाचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षापासून पोलिसास दाखवावयास कागद असतो, त्यावर तारीख पाच वर्षांपुढची असते, आणि घरच्या माणसांस काही नसते. आमच्या ओळखीच्या तीन घरी मी हे कागद काढून पाहिले; तिन्ही घरी हीच स्थिती होती.

परवान्याविषयी दोन शब्द. परवाना नसलेल्याने गाडी चालविली असता त्रयस्थास कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग न्यायालयांनी काढला आहे. म्हणजे जखमी माणूस सुटला. मालक सुटला नाही. आणि सोळा वर्षांच्या चिरंजिवांस 'जरा दुकानापर्यंत जाऊन ये' म्हणून किल्ली देणाऱ्या वडिलांनी २०१९ च्या दुरुस्तीतील १९९-अ हे कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावे: पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

आपल्या संघाकडून एक अपेक्षा करावीशी वाटते. दिवाळीनंतर नव्या चोपड्या चालू होतात, त्या आठवड्यात संघाच्या कार्यालयात एक दिवस ठरवावा. सभासदांनी आपापल्या गाड्यांची नोंदणीपुस्तके व विम्याचे कागद घेऊन यावे, आणि इंग्रजी जाणणाऱ्या आपल्याच चार तरुणांनी ते मराठीत व कन्नडात समजावून द्यावेत. कोणत्याही कंपनीच्या दलालास त्या दिवशी आत बोलावू नये. तो सल्ला देणार आणि विकणारही, हे एकाच माणसाने करणे बरे नव्हे. चारच गोष्टी पाहावयाच्या: गाडी कोणाच्या नावे, चालवितो कोण, मागे बसते कोण, आणि लादले काय जाते. याखेरीज सभासदांच्या पेढ्यांवरील सर्व नोकरवर्गाचा मिळून एक सामुदायिक अपघात विमा संघाने घ्यावा. एकट्या दुकानदारास जो दर मिळत नाही तो शेदोनशे माणसांच्या यादीस मिळू शकतो, हे तत्त्व घाऊक खरेदी करणाऱ्यांस समजावून देण्याची जरुरी नाही.

आमच्या दुकानी आता तीन मोटारसायकली आहेत. दोहोंचा विमा सर्वसमावेशक आहे. तिसरी अकरा वर्षांची असून ती फक्त मी चालवितो, तिला त्रयस्थाचा व माझा स्वतःचा एवढेच. एक पेढीच्या नावे होती, ती पुतण्याच्या नावे करून घेतली. त्यास कचेरीच्या चार खेपा पडल्या. गादीवरील सहाही माणसांचे अपघात विमे त्यांच्या त्यांच्या नावे उतरविले आहेत आणि त्यांचे कागद मी त्यांच्या घरी, त्यांच्या बायकांच्या हाती दिले आहेत. मुनीमजी आता काठीवाचून चालतात. वसुलीस मात्र ते बसनेच जातात. पुतण्याने कितीही आग्रह केला तरी मागे बसत नाहीत.